तळातला माल

बेदाण्याच्या पेटीवर काय छापलंय, हे धनपाल मगदुमांनी उभ्या जन्मात कधी वाचलं नव्हतं. तासगावच्या सौद्यात पेटी उघडली की हे बाही कोपराच्या वर सारणार, वरचा थर बाजूला लोटणार आणि हात थेट तळाला घालणार. तळातली मूठ वर काढायची, तळव्यावर पसरायची, एक दाणा दाताखाली धरायचा आणि मगच भावाचं बोलायचं. "वरचा माल काय, चोराचाबी चांगलाच असतोय," असं ते चाळीस वर्षं सांगत आले होते. सवय इतकी हाडात मुरलेली, की पाहुण्यांनी हातात दिलेल्या पेढ्यांच्या पुड्यातसुद्धा त्यांची बोटं आधी तळ गाठायची, आणि शेजारी बसलेली त्यांची बायको गुणमाला शरमेनं अर्धी व्हायची. माणूस लबाड नव्हता हो. फक्त कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, एवढंच त्याचं व्रत होतं.

आणि असा हा माणूस एका कागदाला भुलला! कागदही कसा, तर जाड, गुळगुळीत, वर अर्धगोल चकती काढलेली, आणि चकतीवरचा काटा हिरव्यात.

हा कागद घरात आणला अतिशयनं. अतिशय म्हणजे अण्णांच्या बहिणीचा मुलगा. धनपालांना सगळे अण्णा म्हणायचे, हा मामा म्हणायचा. या पोरानं आधी सोलरचे बंब विकले, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, मग विम्याच्या पॉलिसी विकल्या, आणि सगळी गिऱ्हाइकं रागावून बसल्यावर आता तो रक्तातलं भविष्य विकायला लागला होता. पुण्याच्या 'जनुकदीप' कंपनीचा तो तालुक्याचा माणूस. दिवाळीच्या तोंडावर त्यानं तासगावात शिबिर घेतलं आणि माईक हातात घेऊन समजावलं, "आईबापाकडून आलेली लाखो अक्षरं तुमच्या थुंकीत असतात. त्यातली बीपी वाढवणारी किती, कमी करणारी किती, हे आम्ही वाचतो, त्यांची बेरीज करतो आणि तुमचा आकडा काढतो. थुंकी द्या, भविष्य घ्या!"

झालं. ज्या मंडळींनी आयुष्यभर रस्त्यावर फुकट थुंकून घालवलं, ती आता पैसे भरून नळीत थुंकायला रांगेत उभी राहिली. समाजातली वजनदार माणसं भिंतीकडं तोंड करून, हातात नळ्या धरून, तोंडात लाळ गोळा करताहेत, हे दृश्य गुणमालानं डोळ्यांनी पाहिलं. तिची स्वतःची नळी कोरीच राहिली. त्या दिवशी चतुर्दशी, तिचा निर्जळी उपवास, जिभेला ओल नाही. "मामी, थोडा प्रयत्न करा की," अतिशय म्हणाला. "पारणं झाल्यावर ये," ती म्हणाली, आणि तो काही पुन्हा आला नाही. घरादारातल्या सगळ्यांचं भविष्य पुण्याला गेलं, तिचं तेवढं घरी राहिलं.

अण्णांनी तर हद्द केली. त्यांच्या शेडमध्ये बेदाणा निवडायला बावीस बायका होत्या. त्यांना दरवर्षी दिवाळीला साडी मिळायची. या वर्षी अतिशयनं घाऊक सवलत दिली म्हणून अण्णांनी साडीच्या जागी एकेक नळी वाटली. निवडणाऱ्यांत सगळ्यांत जुनी बनुबाई. ती नळी उलटीपालटी करून म्हणाली, "अण्णा, ह्येला पदर कुटला?" बायका हसल्या, अण्णा हसले नाहीत.

शिबिराला अण्णांचा कॉलेजातला दोस्तही कराडकडून आला होता. लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, ऊसवाले, वय सहासष्ट. हे रोज पहाटे कॅनॉलच्या कडेनं पाच किलोमीटर पळायचे, आणि फौजेच्या दवाखान्यात त्यांचं बीपी दरवेळी एकशे अठरावर शहात्तर. डॉक्टर लोक एकमेकांना बोलावून ते दाखवायचे.

डिसेंबर लागता लागता रिपोर्ट आले. अण्णांचा काटा हिरव्यात. शंभर माणसं उभी केली तर ब्याण्णव जणांना तुमच्यापेक्षा बीपीचा धोका जास्त, असं खाली लिहिलेलं. लालासाहेबांचा काटा लाल.

अण्णांनी कागद तीनदा वाचला आणि नऊ वर्षं जी पांढरी गोळी ते रोज सकाळी घेत होते, तिची पट्टी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"आवं, हे काय करताय?" गुणमाला ओरडली.

"नऊ वर्षं! नऊ वर्षं त्या डॉक्टरीणबाईनं मला येडा बनवला. माज्या रक्तात बीपी न्हाईच, बघ. हिरवा हाय मी, हिरवा!"

बेदाण्याच्या धंद्यात हिरव्या मालाला भाव चढा, त्यामुळं हा रंग त्यांना फार मानवला. गुणमालानं चष्मा लावला आणि कागदाच्या अगदी खालची मुंगीएवढी ओळ वाचून दाखवली: हा अंदाज आहे, निदान नव्हे, चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.

"ते समदीकडंच लिवलेलं असतंय," अण्णा म्हणाले. "लॉटरीच्या तिकिटावरबी असतंय."

बघा म्हणजे! पेटीच्या तळात हात घातल्याशिवाय सख्ख्या भावाचा माल न घेणारा हा माणूस, आणि कागदाचा तळ मात्र याला वाचवेना. संध्याकाळपर्यंत त्यांनी रिपोर्टला प्लॅस्टिकचं आवरण घालून आणलं आणि दुकानात गादीच्या वर, लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलं.

तिकडं लालासाहेबांनी अंथरूण धरलं. पळणं बंद. "पळताना रक्ताचा दाब वाढतोय, न्हवं का? मग ह्या लाल माणसानं कशापायी पळावं?" असं ते फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाले. सरहद्दीवर नोकरीला असलेल्या ऋषिराजला, म्हणजे थोरल्या पोराला, त्यांनी रजा काढून बोलावलं आणि उसाच्या फडाची वाटणी सांगायला बसले. पोरानं बीपी मोजून घेतलं तर एकशे अठरावर शहात्तर. "आत्ता तसंच दिसणार रं," लालासाहेब म्हणाले, "पन आतनं लाल हाय." निरोगी माणूस घोंगडी पांघरून निजला, आणि आजारी माणूस तासगावभर छाती काढून हिंडायला लागला. याला म्हणतात विज्ञानाची प्रगती!

गुणमालाला हसू येत नव्हतं. गोळी सुटून आठवडा झाला तशी अण्णांची मान दुखायला लागली, तोंड तांबडं दिसायला लागलं, जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. बेंगलोरला नोकरीला असलेल्या त्यांच्या पोरानं पाठवलेलं बीपीचं यंत्र त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. हिरव्या माणसाला यंत्र कशाला? एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि घोरायला लागले. तिनं त्यांच्या उशाखालची किल्ली काढली, यंत्र आणलं आणि हळूच दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा आवळला तसे ते बरळले, "कोन हाय गं?" "कोनी न्हाई, झोपा," ती म्हणाली. आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तरवर एकशे सहा.

अण्णांचे वडील असेच एका दुपारी जेवून आडवे झाले होते आणि उठलेच नव्हते. तिनं पायात चप्पल सरकवली आणि नऊ वर्षं अण्णांना गोळी देणाऱ्या डॉक्टर समीक्षांचा दवाखाना सरळ गाठला.

डॉक्टरांनी रिपोर्टचा मोबाईलमधला फोटो नीट बघितला. "अक्का, ही बेरीज खोटी आहे असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती जन्माच्या वेळची झाली. त्यानंतर चौसष्ट वर्षं अण्णांनी किती लोणचं खाल्लं आणि गादीवर किती बसले, हे थुंकीत कुठं लिहिलंय? आणि असल्या बेरजा बऱ्याचशा परदेशातल्या लोकांवरून बसवलेल्या असतात. आपल्याला किती लागू पडतात, ते अजून तपासायचं चाललंय. हवामानवाल्यांनी पाऊस नाही म्हणून सांगितलं, आणि शेडवर पाऊस पडतोय, तर तुम्ही बेदाणा झाकणार की मोबाईल बघत बसणार?"

"झाकनार."

"मग त्यांना घेऊन या. मी समजावते."

"ते यायचे न्हाईत. तुमचं नाव काढलं तरी भडकतात." गुणमाला जरा घुटमळली. "मीच दिली तर? म्हंजे, खान्यातनं?"

"चोरून अजिबात द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काय घेतोय ते माणसाला कळलं पाहिजे. त्यांच्याशी बोला."

गुणमाला बोलली. त्या रात्री बोलली, दुसऱ्या दिवशी बोलली, बेंगलोरच्या पोराला फोनवर बोलायला लावलं. अण्णांनी प्रत्येकाला तेच सांगितलं, की रक्त खोटं बोलत नाही आणि डॉक्टर बोलतात. तिसऱ्या दिवशी तिनं जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानातून पट्ट्या आणल्या, पाट्यावर गोळी बारीक केली आणि अण्णांच्या सकाळच्या नाचणीच्या आंबिलीत ढवळली.

तिनं मुनिमहाराजांपुढं खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं होतं. पण आंबिलीत काय आहे असं कुणी विचारलंच नाही, तर खोटं बोलायचा प्रश्न कुठं आला? असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते तिला पटलं. आपल्याला सोयीचं असलं की लगेच पटतं.

अडचण आली रविवारी. रविवारी मीठ सोडायचा तिचा लग्नापासूनचा नेम, आणि त्या दिवशी घरात कशातच मीठ पडायचं नाही. अण्णा लोणच्याची बरणी जवळ ओढून आपली सोय करायचे. बायकोच्या लेखी लोणचं अभक्ष्य, आणि नवऱ्याच्या लेखी त्याच्याशिवाय सगळंच अभक्ष्य. पण आंबिलीला लोणचं कसं लावणार, आणि मिठाशिवाय गोळीचा कडूपणा कसा झाकणार? पहिल्या रविवारी घोट घेतला आणि अण्णांनी तोंड वाकडं केलं. "आज कडू का लागतीया?" "नाचनी नवी हाय," ती म्हणाली. इथं व्रत मोडलं. पुढच्या रविवारपासून तिनं गूळ घालायला सुरुवात केली.

दोन आठवड्यांत मानदुखी गेली. जिन्यातलं कॅलेंडरवाचन थांबलं. आणि आता गंमत बघा. संक्रांतीला अतिशय तीळगूळ घेऊन आला, आणि अण्णांनी मोठ्या तोऱ्यात दंड पुढं केला. एकशे तीसवर ब्याऐंशी. गोळी नाही, डॉक्टर नाही!

"मामा!" अतिशयच्या डोळ्यात पाणी आलं. ते मामावरच्या मायेचं की आणखी कशाचं, हे त्याचं त्याला ठाऊक. "ह्याचा व्हिडिओ करू या."

व्हिडिओ केला. अण्णा गादीवर बसलेत, मागं रिपोर्ट आणि लक्ष्मी, आणि अण्णा सांगताहेत: नऊ वर्षं गोळी खाल्ली, रक्तानं सांगितलं तू चांगला आहेस, गोळी सोडली, आज बघा. तो व्हिडिओ विट्यापासून आटपाडीपर्यंत गेला. परगावी सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात असलेल्या विट्याच्या लोकांनी तो तिकडून इकडं आणि इकडून तिकडं पाठवला. सौद्यात लोक अण्णांना मालाचा भाव विचारायचं सोडून बीपीचं विचारायला लागले. अण्णा नाडी धरल्यासारखं समोरच्याचं मनगट धरायचे. गुणमाला रोज सकाळी पाट्यावर गोळी वाटायची आणि रोज ठरवायची, आज सांगते. मग वाटायचं, सांगितलं की हा माणूस आंबीलही सोडेल, आणि मग काय करायचं?

बनुबाईचा काटाही हिरव्यात होता. तिला सरकारी दवाखान्यातून बीपीची गोळी फुकट मिळायची. ती आणायला महिन्यातून एकदा अर्ध्या दिवसाचा खाडा व्हायचा, आणि हंगामात अण्णांना तो फार टोचायचा. फेब्रुवारीत एकदा ती भर दुपारी पदर खोचून निघाली, तर अण्णा म्हणाले, "कशाला जातीस? हिरवी हायस तू. माज्याकडं बघ. मी खातोय का गोळी?"

"खरंच खात न्हाईसा, अण्णा?"

"हिला विचार."

बनुबाईनं गुणमालाकडं बघितलं. शेडच्या दारात गुणमाला चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं किटली दुसऱ्या हातात घेतली. "डॉक्टरला एकदा विचारून बघ गं," ती म्हणाली.

"डॉक्टर काय म्हननार? खा म्हननार," अण्णा म्हणाले. बनुबाई पुन्हा खाली बसली आणि देठ वेगळे काढायला लागली. गुणमालानं चहा ओतला आणि घरी आली.

एवढंच झालं. त्यात कुणी कुणाला मारलं नाही की खोटं बोललं नाही.

मार्चच्या मध्यावर, हंगाम ऐन रंगात असताना, बनुबाईच्या मुठीतला बेदाणा खाली सांडला. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. शेजारणीला काहीतरी सांगायला ती वळली तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि शब्द फुटेना. अण्णांनीच तिला गाडीत घालून मिरजेला पोचवलं. डोक्यात रक्त साकळलं होतं, बीपी दोनशेच्या वर. जीव वाचला. उजवा हात गेला, हलेना की त्याला काही जाणवेना.

गुणमाला दवाखान्यात भेटायला गेली आणि दारातूनच परत फिरली. घरी येऊन ती देवासमोर बसली, पण णमोकार मंत्र अर्ध्यात विसरली. उभ्या जन्मात असं झालं नव्हतं.

अतिशयला विचारलं तर त्याचं उत्तर तयार. "मामी, रिपोर्ट कमी धोका म्हणतो, धोका नाही असं म्हणत नाही. शंभरात काही जण निघणारच. ती त्यांतली निघाली."

"आनि तुजे मामा?"

"मामा म्हणजे आमचा हिरा आहे." मग तो जरा सरसावून बसला. कंपनीचे मोठे साहेब पुण्याहून येणार होते. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मंगल कार्यालयात मामांचा सत्कार, मंचावरच थेट बीपी मोजणार, आणि लगोलग दुसरं शिबिर. तीनशे नळ्या मागवल्या होत्या. या खेपेला साखरेचाही काटा काढायचा होता.

"तीनशे?" गुणमालानं विचारलं.

"कमीच पडतील," अतिशय म्हणाला.

त्या रात्री तिनं फळीवरचा डबा उतरवला. त्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. का जपून ठेवल्या होत्या, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित फेकताना कुणी बघेल या भीतीनं असेल. तिनं त्या पुसल्या, एकावर एक रचल्या आणि शेडमधून पाच किलोची एक कोरी पेटी मागवून घेतली.

सत्काराच्या दिवशी कार्यालयाच्या दारात हा भला मोठा फलक: 'बीपीमुक्त रक्ताचे मानकरी'. खाली अण्णांचा फोटो, दंड दाखवत असलेला. खुर्च्या भरल्या. लालासाहेब काठी टेकत टेकत आले. पाच महिने निजून त्यांचं वजन नऊ किलोनं वाढलं होतं, आणि जिना चढताना आता त्यांनाही धाप लागत होती. ते पुढच्या रांगेत टेकले आणि ज्याला त्याला सांगू लागले, "आपलं काय, आपन लाल." पहिल्या रांगेच्या टोकाला अण्णांनी हट्टानं बनुबाईला आणून बसवलं होतं, मालक माणसं विसरत नाही हे चारचौघांत दिसावं म्हणून. तिचा उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला होता.

साहेब बोलले. अतिशय बोलला. मग मंचावर खुर्ची मांडली, अण्णांनी कोट काढला, बाही वर सारली, पट्टा आवळला, आणि पडद्यावर हे मोठे आकडे उमटले. एकशे अठ्ठावीसवर ऐंशी. टाळ्यांनी कार्यालय दणाणलं. शाल आली, नारळ आला, फेटा आला.

"आता आमच्या मामी साहेबांना तासगावची भेट देतील," अतिशय माईकवर म्हणाला.

गुणमाला पेटी घेऊन मंचावर गेली. झाकणावर तिनं दुकानातलं सगळ्यांत भारी लेबल चिकटवलं होतं: अव्वल हिरवा. तिनं पेटी साहेबांच्या हातात दिली नाही. नवऱ्यापुढं धरली आणि झाकण उघडलं. वरचा थर असा टपोरा, असा एकसारखा हिरवा, की पुढच्या रांगेतले व्यापारी माना उंचावून बघायला लागले.

"तुमीच द्या की सायबांना," ती म्हणाली. "माल तुमच्या नावाचा हाय."

अण्णांची बाही आधीच कोपराच्या वर होती. समोर पेटी उघडी, चारशे माणसं बघताहेत, पुण्याचा साहेब हात पुढं करून उभा. पण चाळीस वर्षांच्या हाताला साहेब काय आणि सभा काय! तो आपला आपण खाली गेला. वरचा थर बाजूला लोटून तळाला पोचला, आणि तिथंच थांबला. अण्णांचा चेहरा बदलला. त्यांनी मूठ वर काढली. बेदाण्यांबरोबर चकचकीत रिकाम्या पट्ट्या वर आल्या, दोन खाली पडल्या, माईकमधून त्यांचा चुरचुर आवाज सगळीकडं ऐकू गेला.

"हे काय हाय?" अण्णांना एवढंच सुचलं.

"तळातला माल," गुणमाला म्हणाली. माईक तिच्या तोंडासमोरच होता. "तेरा पट्ट्या हायत, मोजून घ्या. डिसेंबरपासनं रोज सकाळी तुमच्या आंबिलीत वाटून घातलीया. मगाशी टाळ्या वाजल्या त्या ह्या गोळीला वाजल्या. तुमच्या रक्तानं काय केलं न्हाई."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळं कार्यालय हसायला लागलं. व्यापारी मांडीवर थापा मारत होते. साहेब मोबाईल कानाला लावून मंचामागं दिसेनासे झाले. अतिशय नळ्यांच्या खोक्यावर चादर टाकायला धावला. लालासाहेब हसता हसता उठून उभे राहिले, "धन्या, गड्या, तू तर माज्यापेक्षा लाल निघालास रं!" काठी खुर्चीखाली तशीच पडली होती आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. अण्णा मूठ तशीच उघडी धरून उभे होते, फेटा कानावर आलेला.

गुणमालालाही हसू फुटलं. पाच महिन्यांचं ओझं उतरलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

पुढच्या रांगेच्या टोकाला बनुबाई डाव्या हातानं खुर्चीची पाठ धरून उठत होती. शेजारणीनं आधार दिला. तिचं बोलणं अजून तोंडातच अडकायचं, म्हणून लोक गप्प झाले, एकेक करत सगळेच.

"अक्का," ती म्हणाली. एकेक शब्द ती ओढून काढत होती. "त्या दिशी मी तुमच्याकडं बगितलं. तुमी चा वतत व्हता. अण्णांच्या आंबिलीत तुमी घातली. माज्या आंबिलीत कुनी घालायची व्हती?"

गुणमालानं तोंडासमोरचा माईक बाजूला सारला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, काय घेतोय ते माणसाला कळलं पाहिजे. बनुबाईलाही कळायला हवं होतं, आणि तिला सांगायला एक शब्द पुरला असता.

ती मंचावरून खाली उतरली. बनुबाईच्या शेजारची खुर्ची कुणीतरी रिकामी करून दिली, तिथं बसली. मांडीवरचा तो उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरला. बनुबाई समोर बघत राहिली. आपला हात कुणी धरलाय, हे तिला कळलंच नव्हतं.